देवसिंगचं पथ्य

बाबुलालने मटणाचा डबा ओसरीवर ठेवून झाकण उघडलं, तसा देवसिंग उठून बाजूला झाला.

"उचल तो. मले चालत नाई आता."

"दादा, नातवाच्या जावळाचं बोकड हाये. एक तुकडा खाल्ल्यानं काय होते?"

"छातीत कळ आली तं तू येशील काय निस्तराले?"

धाकटा भाऊ हिरमुसला. मग भावजयीकडे वळला. "वहिनी, तुमी तरी घ्या. तुमाले काय झालं?"

सुखीबाईला मटण मनापासून आवडायचं. पण ती काही बोलायच्या आत देवसिंग म्हणाला, "हिनं खाल्लं का माहा जीव चळते. घरात आणूच नको."

डबा परत गेला. सुखीबाईला त्याचं वाईट वाटलं नाही. माणूस जगला पाहिजे, मटणाचं काय!

हिवाळ्यात दोघं यवतमाळच्या दवाखान्यात जाऊन आली होती. कापूस वेचताना तिला थकवा यायचा. देवसिंगने आपलीही छाती भरून येते म्हणून सांगितलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्यालाच आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"माह्या हृदयाची नस आखडली म्हणते. मटण, अंडे, दूध, तूप, सारं बंद. तुले रक्त कमी हाये. गोळ्या देल्ल्या, रोज घे."

त्या दिवसापासून तांड्यावरच्या त्या घराची चूल बदलली. म्हशीचं दूध सगळंच्या सगळं आर्णीच्या डेअरीवर जाऊ लागलं. सुखीबाई अंबाडीची भाजी करायची, मुगाला मोड आणायची, तुरीच्या वरणाला वरून फोडणी द्यायची नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर तुपाऐवजी जवसाची चटणी. एकदा सुनेने, शीलाने, वांग्याच्या भाजीला सवयीने तर्री आणली, तर ती कडाडली, "सासऱ्याले मारतं काय व?"

आजवर ती कायम सगळ्यांच्या मागून जेवलेली, भांड्यात उरेल ते. अंगात ताप असला तरी शेतात गेलेली. आता देवसिंगने हट्ट धरला, "एकट्याले हा पाला गिळवत नाई. तू बस संगं." तिला सुनेपुढे लाज वाटायची, पण त्याच्यासाठी बसायची. त्याच्या आयुष्यासाठी तिने सोमवार धरला, तर तो म्हणाला, "तू उपाशी, मंग मीबी उपाशी." सोमवार सुटला.

संध्याकाळी दोघं पांदणीने फिरायला जायची. तिचे पाय जड होऊ लागले की नेमका त्यालाच दम लागायचा. "बस जराशी," म्हणत तो बांधावर टेकायचा. ती त्याची पाठ चोळायची आणि मनात देवाला म्हणायची, सेवाभाया, माह्या वाट्याचे दिवस याले दे.

उन्हाळ्यात दोघं पुन्हा दवाखान्यात गेली. तपासण्या झाल्या. देवसिंग गोळ्या आणायला खाली उतरला, तेवढी संधी साधून सुखीबाई आत शिरली.

"बाई, खरं सांगा. मालकाचं हृदय कसं हाये? वाचन ना माणूस?"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "काकांना काय झालंय? ते तर ठणठणीत आहेत. नस तुमची आखडलीय, काकू. बरीच सुधारणा आहे तुमच्यात. काकांनी अजून सांगितलंच नाही का?"

सुखीबाईने डॉक्टरीणबाईंना हात जोडले. मग उठली.

बाहेर देवसिंग घाईने जिना चढून धापा टाकत आला होता. तिला आतून येताना पाहून तो पुढे झाला.

"तू एकटीच काहून गेली आत? काय म्हणे डॉक्टरीण?"

तिने पदराने आधी आपले डोळे पुसले, मग त्याचं कपाळ.

"म्हणे, तुमचं दुखणं हटून राह्यलं. पण पथ्य मोडाचं नाई, जलमभर."