एकदाच

पाळकसाहेबांनी बाळाला डाव्या हातावर घेतलं, तेव्हा रेश्मानं आपला हात काढला नाही. दुपट्याखाली, बाळाच्या पाठीशी तो तसाच ठेवला. त्यांच्या झग्याची बाही रुंद होती. बाकांवरून काही दिसणार नाही असा तिचा अंदाज होता.

पाळक शांतवन तिचे सासरे. आधी दहिवडीची मंडळी आणि गेली अकरा वर्षं तासगावची ही, अशी त्यांची अडतीस वर्षांची सेवा. पुढच्या रविवारी नवे पाळक येणार होते. आजचा हा त्यांचा शेवटचा बाप्तिस्मा, आणि तोही नातीचा.

रेश्मानं नवऱ्याला सुचवून बघितलं होतं, की आठवडाभर थांबू, नव्या पाळकांच्या हातून होऊ दे. जयराज म्हणाला, आबांना काय सांगू, तुमच्या हातात लेकरू द्यायला माझी बायको भिते म्हणून? विषय तिथंच संपला. गुरुवारचं तिनं त्याला सांगितलं नव्हतं. गुरुवारी आबा उपासनेची बॅग घेऊन स्टँडवर दहिवडीच्या एसटीत जाऊन बसले होते. बाळाला खांद्यावर टाकून तीच धावत गेली आणि त्यांना उतरवून घेऊन आली. वाटेत ते एवढंच म्हणाले होते, "आईला सांगू नकोस." तिनं सासूबाईंना सांगितलं नाही.

आता ती त्यांच्या ओठांकडे बघत होती.

आबांनी नाव विचारलं. धर्ममाता म्हणून उभ्या असलेल्या शालूबाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं, "एस्तेर." आबांनी पात्रात हात बुडवला. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. तीनदा पाणी ओतलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बाळ रडलं, मंडळी हसली. पहिल्या बाकाशी जयराज मोबाइलवर सगळं टिपत होता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बघितलंस, असं.

आबांनी प्रार्थना केली. मंडळी आमेन म्हणाली. रेश्माच्या खांद्यातला ताण पहिल्यांदाच जरा सैल झाला. आता फक्त आशीर्वाद राहिला होता.

आबा थांबले. पात्रातल्या पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शांतपणे पुन्हा त्यात हात बुडवला.

"या बाळाचं नाव काय?"

शालूबाईंनी रेश्माकडे पाहिलं. जयराजचा मोबाइल खाली आला.

बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही. हे इथल्या निम्म्या लोकांना आबांनीच शिकवलेलं. गेल्या उन्हाळ्यात बेदाण्याच्या शेडवर कामाला जाणारा गुंडा कुठल्याशा मोठ्या सभेहून आला आणि दारात उभा राहून पुन्हा बाप्तिस्मा मागू लागला. दारू सुटली न्हाई साहेब, पयला बाप्तिस्मा लागलाच नसंल, म्हणाला. आबांनी त्याला आत घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं, एकदाच होतो गुंडा, तू विसरलास म्हणून देव विसरत नाही.

"आबा," रेश्मा अगदी हळू म्हणाली, "झालाय तिचा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभर ही कोण, असं. मग ओळख पटली. ती पटल्यावर त्यांच्या चेहऱ्याचं जे झालं, ते तिला बघवेना. डावा हात ढिला पडला. दुपट्याखालच्या तिच्या तळव्यावर बाळाचं सगळं वजन आलं.

"झालाय?"

"झालाय. एकदाच होतो. तुम्हीच सांगता."

उजव्या हाताच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं. हात परत नेता येईना, पुढं नेता येईना. सगळी मंडळी त्या हाताकडे बघत होती. आबांनी तो उचलला आणि ओली बोटं स्वतःच्याच कपाळाला लावली.

मागं एक बाक कुरकुरलं. गुंडा उठला होता. चपला दाराशी काढलेल्या, इस्त्रीचा शर्ट. तो मधल्या वाटेनं सरळ पुढं आला.

"पाळकसाहेब, माझं बी कपाळ जरा वलं करून घेतो. लय दिस झालं."

त्यानं बोट बुडवलं, कपाळाला टेकवलं आणि बाजूला झाला. त्याच्यामागून शालूबाई. मग पहिलं बाक, मग दुसरं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. म्हातारी माणसं एकमेकांच्या आधारानं येत होती. जयराज आला तेव्हा त्याचा मोबाइल खिशात होता आणि तो वर बघत नव्हता. आबा बाळाला घेऊन तिथंच उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला मान हलवत होते, जणू उपासनेच्या पुस्तकात हे पहिल्यापासून असंच छापलेलं असावं.

सगळ्यांच्या शेवटी सासूबाई पेटी सोडून उठल्या. गेल्या रविवारी आबा प्रभूच्या प्रार्थनेत मध्येच थांबले होते, तेव्हा पेटीचा सूर लवकर सुरू झाला होता. रेश्माला वाटलं होतं, आई चुकल्या.

सासूबाईंनी बोटं बुडवली, कपाळाला लावली. मग पदराला हात पुसून त्या आबांच्या डाव्या अंगाला आल्या. झग्याची बाही वर सरकली होती. रेश्माचा हात मनगटापर्यंत उघडा पडला होता. त्यांनी बाही खाली ओढली आणि तिच्या हातावर नीट घातली.

"अजून आशीर्वाद राहिलाय," त्या पुटपुटल्या. "हात काढू नकोस."