एका कुटुंबाला एकच प्रश्न

“मला आता नेमकं आठवत नाही,” असं म्हणून साक्षीदाराने पाण्याचा ग्लास उचलला.

“बघ, आता खोकेल,” बाकावर शेजारी बसलेले काका पुटपुटले.

साक्षीदार खोकला. न्यायमूर्तींनी घड्याळाकडे पाहिलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

शिंपिणीने कपाळावर हात मारून घेतला. “पुन्हा चहा! काका, ही महासाथीची चौकशी आहे की चहाचं हॉटेल?”

“अगं, तेव्हाच्या घाईवर आता सावकाश बोलायचं, यालाच चौकशी म्हणतात.”

तिला हसू आलं नाही. दुकानात अर्धवट शिवलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता, गिऱ्हाइकं बोंबलत होती, आणि ती मात्र कॉलरला टाचण्या तशाच ठेवून रोज या बाकावर येऊन बसत होती. साथ ऐन भरात असताना रुग्णालयातल्या खाटा मोकळ्या करायला सरकारने रुग्ण तपासणी न करताच वृद्धाश्रमांत हलवले होते. तिची आई अशाच एका आश्रमात होती. पाठोपाठ आश्रमातल्या खाटाही मोकळ्या झाल्या.

तो हुकूम काढणारा अधिकारी अजून समोर आला नव्हता. जिवाला धोका आहे म्हणे, म्हणून त्याचं नाव, फोटो, सगळं झाकून ठेवलेलं. तो साक्षीला आला की प्रत्येक कुटुंबाला त्याला एकच प्रश्न विचारता येणार होता.

नातेवाइकांच्या बाकावर एक रिवाज आपोआप पडला होता. आपलं कोण गेलं ते ज्याने त्याने वाटेल तेव्हा सांगायचं. दुसऱ्याने विचारायचं नाही. काकांनी कधी सांगितलं नव्हतं. ते रोज तिच्यासाठी जागा धरत, थर्मासमधली कॉफी देत आणि एकेका साक्षीदाराचं बिंग फोडत. “सरकारी खुर्चीत जन्म गेला माझा. या पळवाटा मला तोंडपाठ आहेत.”

एकदा तिला राहवलं नव्हतं. “काका, तुमचं कोण?”

“एक-दोन नाही गं,” एवढंच ते म्हणाले आणि बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिले. तिने जीभ चावली. पुन्हा विषय काढला नाही.

आज चहानंतर तो अधिकारी येणार होता.

“मी विचारणार, ‘का केलंत असं?’”

“वाया घालवशील. खाटा नव्हत्या, तज्ज्ञांचा सल्ला होता, तासभर सांगत बसेल.”

“मग ‘कोणी करायला लावलं?’”

“वर बोट दाखवेल. वरचा आणखी वर दाखवेल.”

“मग विचारू तरी काय? माझं डोकं फिरायची वेळ आलीय!”

काकांनी कपातली कॉफी नुसतीच हलवली. “विचार, ‘तुमची स्वतःची आई तिथे असती, तर हा हुकूम काढला असतात का?’ हो म्हणाला तरी मेला, नाही म्हणाला तरी मेला.”

तिने प्रश्न दोनदा मनाशी घोकला. “सुटणार नाही ना?”

“नाही सुटणार. पण रडू नकोस. सरळ त्याच्या डोळ्यांत बघून विचार.”

“डोळ्यांत? त्याचं तोंड एकदा बघायला मिळू दे, त्यासाठीच तर चपला झिजवतेय.”

“मिळेल,” काका म्हणाले.

लोक जागेवर परतले. शिपायाने पुकारा केला, “आरोग्य खात्याचे तत्कालीन सचिव हजर आहेत का?”

साक्षीदार यायचे त्या बाजूच्या दाराकडे शिंपीण टक लावून बघत राहिली. दार बंदच होतं. शिपायाने पुन्हा पुकारा केला.

“आलाच नाही!” ती चिडून काकांकडे वळली. “बघितलंत? शेवटी दिली ना टांग—”

काकांनी थर्मास तिच्या मांडीवर ठेवला.

“हजर आहे,” ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकत उठले.