सहावा कागद

उरलेल्या औषधाची बाटली टेबलावर ठेवा, असं डॉक्टर बिराजदार दुसऱ्यांदा म्हणाल्या. ग्यानोबानं ती पिशवीतून काढली होती, पण हातातच धरून ठेवली.

अर्धापूरहून पहाटेच्या एसटीनं तो लातूरला आला होता. आता शेजारच्या खुर्चीवर त्याची आठ वर्षांची मुलगी तनुजा बसली होती, दोन्ही हात छातीशी धरून एकमेकांवर चोळत. दोन वर्षांची होईपर्यंत ती बोलायची. मग एकेक शब्द गेला, हातातली पकड गेली. तिच्या एका जनुकात दोष आहे हे कळायलाच चार वर्षं लागली. गेल्या वर्षी या दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, तेव्हा तिच्या आईनं, उज्वलानं, धावपळ करून नाव घातलं होतं.

आता चाचणी बंद होत होती. चाचणी बंद म्हणजे औषधही बंद.

डॉक्टर चिडलेल्या होत्या, पण त्याच्यावर नाही. त्यांनी सांगितलं, प्रयोगशाळेत हाच दोष असलेल्या उंदरांना हे औषध दिलं, तेव्हा ते पाय चोळायचे थांबले, दाणा धरून खायला लागले. तिथून माणसाच्या औषधापर्यंत यायला नऊ वर्षं गेली. आणि इथं येऊन सगळं अडकलं. लेकरं बोलत नाहीत, म्हणून दर पंधरा दिवसांनी घरच्यांनी एक कागद भरून द्यायचा होता. चार शहरांतून कागद आले. बहुतेकांवर एकच उत्तर होतं. फरक नाही.

"उंदरं बरी झाली आन् लेकरं तशीच," ग्यानोबा म्हणाला. "मग उंदरांलाच द्या की ही बाटली."

डॉक्टरांनी तनुजाची फाइल त्याच्यापुढे सरकवली. चोवीस कागद होते. पहिले अठरा उज्वलाच्या अक्षरात. तीन महिन्यांपूर्वी डेंग्यूनं ती गेली. नंतरचे सहा ग्यानोबाचे. तिचे पाहूनच त्यानं ते भरले होते. तुमचे कागद तरी स्वच्छ आहेत, डॉक्टर म्हणाल्या. बाईंच्या कागदांवर कोपऱ्यात काळे डाग असायचे, दोनदा सांगून पाहिलं. ग्यानोबाला ते लागलं. चुलीपुढं बसून भरत असंल, एवढंच तो म्हणाला.

मग त्यांनी शेवटचं विचारलं. या तीन महिन्यांत त्याला स्वतःला काही फरक दिसला का? दिसला असेल तर नेमका कधीपासून? तारखेची नोंद नसेल तर वरचे लोक ऐकूनही घेत नाहीत.

ग्यानोबानं खरं तेच सांगितलं. पोरीचं सगळं उज्वला करायची. तो उजाडायच्या आत केळीच्या बागेत जायचा, परत यायचा तेव्हा पोरगी निजलेली असायची. आता तीन महिने तोच भरवतोय. पहिल्या दिवशी होती तशीच हाय.

बोलताना त्याला उज्वलाचा राग आला. लेकराला काखेत घेऊन एवढ्या खेपा केल्या. एका कागदावर तरी चार बरे शब्द लिहायचे होते. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. त्यानं बाटली टेबलावर आपटली आणि तनुजाला घेऊन बाहेर आला.

बाहेरच्या बाकावर सालेहा बसली होती. ती नांदेडची. तिची नाजियाही याच चाचणीत होती. उज्वला असताना दोघी एकाच एसटीनं यायच्या, पुढे त्यांच्या तारखा वेगळ्या पडल्या. ग्यानोबाला पाहून तिनं ओढणी डोळ्याला लावली. त्यानं पिशवीतून पेला काढला, पाणी ओतलं आणि तनुजापुढं धरला. तनुजाचे हात थांबले. दोन्ही हातांनी पेला धरून ती पाणी प्यायली.

सालेहा बघत राहिली. मग तिनं पटकन पर्समधून काजळाची डबी काढली आणि तनुजाच्या कानामागं बोट टेकवलं.

ग्यानोबा म्हणाला, राहू द्या. पोरीचं बोलणं गेलं तेव्हापासून उज्वलानंच तीट लावायचं सोडलं होतं. आता हिच्यावर कोण जळणार, म्हणायची.

सालेहानं विचारलं, ही पेला कधीपासून धरती ते तरी ठाऊक आहे का? धरतीच की, ग्यानोबा म्हणाला. तो पाजायला लागला त्या दिवसापासून धरते.

"भाऊ, पहिल्या खेपांना आम्ही दोघी चमच्यानं पाजायचो," सालेहा हळूच म्हणाली. "अर्धं पाणी पोरींच्या गळ्यावर."

ग्यानोबानं तनुजाकडं पाहिलं. मग कागदावर का न्हाई लिहिलं, असं त्यानं विचारलं.

"लेकरू सुधारलं, असं कुणी लिहून देतंय का, भाऊ? नजर लागती. मी बी न्हाई लिहिलं."

ग्यानोबा उठून पुन्हा आत गेला. डॉक्टर फाइलची नाडी बांधत होत्या. न विचारताच त्यानं ती ओढून घेतली आणि पहिल्यापासून कागद उलटू लागला. पहिला. फरक नाही. कोपरा स्वच्छ. दुसरा तसाच. पाचव्यापर्यंत तसाच. सहाव्याच्या कोपऱ्यात बोटाच्या टोकाएवढा काळा ठिपका होता. सातव्यावर होता. तिथून अठराव्यापर्यंत एकही कागद उज्वलानं तीट लावल्याशिवाय सोडला नव्हता. पुढचे सहा त्याचे स्वतःचे, एकदम स्वच्छ.

त्यानं सहावा कागद काढून डॉक्टरांपुढे ठेवला आणि वरच्या तारखेवर बोट टेकवलं.

"लिहून घ्या, मॅडम. माझ्या पोरीनं ह्या तारखेला पेला धरला."