शिफारसपत्र

साहेबांच्या पत्रातल्या चुका भर बैठकीत दाखवल्या, म्हणून मुद्रितशोधक बाईंची नोकरी गेली. सहा महिने घरी बसल्यावर त्या नाक मुठीत धरून शिफारसपत्र मागायला पुन्हा साहेबांकडेच गेल्या. साहेबांनी मोठ्या मनाने, स्वतः बसून, पानभर कौतुक टाइप करून दिलं. बाईंना त्यात अकरा चुका दिसल्या. पण एकदा तोंड पोळलेलं होतं. त्या म्हणाल्या, "फारच सुंदर लिहिलंय, साहेब!"

दुसऱ्या दिवशी नव्या प्रकाशनाच्या मालकीणबाईंनी ते पत्र वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.



"एवढा मोठा साहेब इतकं अशुद्ध लिहील होय? बाई, खोटं पत्र करायचंच होतं, तर निदान कुणाकडून तपासून तरी घ्यायचं!"