चंद्रकोरीचा वळ

या मंडळी, सरकून बसा. गोष्ट एवढीशी आहे, पण टाळ खाली ठेवून ऐका.

परदेशी पुठ्ठ्याची आवक वर्षागणिक वाढत गेली आणि आमच्या कागद गिरणीला कुलूप लागलं. मालकांनी मशीन परदेशात विकलं. ते चालवणारा माझा थोरला भाऊ त्याआधीच देवाघरी गेला होता. वहिनी खोक्यांच्या कारखान्यात लागली. तिथला मुकादम सारखा म्हणायचा, "बाहेरचा माल म्हणजे नुसतं लोणी!"

परवा मात्र नवा माल आला आणि तो वहिनीवर खेकसला, "अहो बाई, प्रत्येक तावावर चंद्रकोरीसारखा वळ आहे! बाजूला काढायचं सोडून कुरवाळताय काय?"

"मुकादम, आमचे हे मशीनवरच कोसळले, तेव्हा हातातला पाना मशीनच्या रुळावर आदळून खोच पडली. तेव्हापासून गिरणीच्या प्रत्येक तावावर हाच वळ उठायचा."

"असेल! नोकरी हवी असेल, तर टाका रद्दीत."



वहिनीने एकेक ताव स्वतःच्या हाताने रद्दीत टाकला. मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा माझ्या दादाची तेवढी आठवण काढा.