इसाकमियाँचा फोटो

"फोटो नाही, तर भिंत नाही," मोहनलालशेठ म्हणाले आणि गल्ल्यावरच्या देवीला उदबत्ती लावली.

पाचोऱ्याच्या नव्या नाट्यगृहात गावच्या थोरांचे फोटो लागायचे होते. एकच फ्रेम रिकामी उरली होती. समितीचे अध्यक्ष मोहनलालशेठ. त्यांच्या मनात त्या फ्रेमसाठी त्यांचे डाळमिलवाले काका होते. काकांचे फोटो भरपूर होते.

"माझ्या अब्बांनी, इसाकमियाँनी, मूकपटांत कामं केली, शेठ," सलीमाबी म्हणाल्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या. उजवा हात नेहमीसारखा ओढणीत. "हिरो नव्हते. बाजूची कामं. पण पडद्यावर आले की तंबूत लोक पैसे उधळायचे. काही तर चपला काढून बसायचे."

"चपला कशाला?"

"लोकांना विचारा."

"आणि फोटो एकही नाही?"

"घरातले पुरात गेले. कंपनीचे कंपनीबरोबर बुडाले."

"दिसायचे कसे?"

"देखणे. कंपनीवाले मिशी ठेवू द्यायचे नाहीत, तेवढंच मरेपर्यंत दुःख."

"चल नानी," नातू रेहान वैतागला. "इथे काकाच लागणार."

सलीमाबी हलल्या नाहीत. त्या गल्ल्याच्या वर बघत होत्या. दर शुक्रवारी साखर घ्यायला आल्या की त्या अशाच थांबत, आणि शेठ गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत, "बघा, आमच्या देवीपुढे सलीमाबीपण थांबते. जागृत शे!"

देवी शेठच्या आजोबांनी धुळ्याच्या जत्रेतून आणली होती, काचेच्या फ्रेमसकट. तेव्हा हातगाडी होती. देवी आली, दुकान झालं, गोदाम झालं. "इतरांच्या देवी चितारलेल्या," शेठ म्हणत, "आमची साक्षात! आशीर्वादाचा हात बघा. सहा बोटं. सहावं बोट बरकतीचं. बठ्ठा खान्देश फिरा, अशी दुसरी मिळणार नाही."

"संध्याकाळी फ्रेमवाला येतोय, सलीमाबी," शेठ जरा नरमले. "तुमच्या वडिलांचं नाव मलाही लावायचंय. पण रिकाम्या काचेला हार कसा घालू?"

"फोटो गावातच शे."

"कुणाकडे? आत्ता माणूस पाठवतो. देवीसमोर शब्द देतो. फोटो दाखवा, काका राहिले बाजूला. पहिला हार मी स्वतः घालीन."

"पहिला तुमच्या आजोबांनी घातला," सलीमाबी म्हणाल्या. "मग तुमच्या वडिलांनी. आजचा तुम्ही सकाळीच घातलाय."

शेठना काही उमगेना. त्यांनी रेहानकडे पाहिलं. रेहान देवीकडे पाहत होता.

सलीमाबींनी ओढणीतला उजवा हात बाहेर काढला आणि देवीच्या हाताशेजारी, तसाच आशीर्वादाला, वर धरला. बोटं सहा होती.