गप्प बसेल त्याची वीज

थोरल्याने आज पुन्हा धाकट्याची वीज तोडली होती.

थोरला आणि धाकटा म्हणजे ऑफिसातले दोन सर्व्हर. ते सांभाळायचं काम तिचं, नावंही तिनेच लाडाने ठेवलेली. त्यांचा नियम साधा होता: एक गप्प झाला, की दुसऱ्याने आधी त्याची वीज तोडायची आणि मग त्याचं काम आपल्या अंगावर घ्यायचं. नाहीतर दोघंही स्वतःला मालक समजून एकाच डिस्कवर लिहीत सुटतात आणि सगळा बट्ट्याबोळ होतो.

धाकट्याला खरं तर काहीच झालं नव्हतं. त्याची नेटवर्कची वायर तेवढी सैल होती.

"नुसता गप्प होतास रे, आणि याने तुला मेलेला धरलं," असं पुटपुटत तिने वायर घट्ट बसवली आणि सर्व्हरच्या खोलीचं लोखंडी दार ढकलून ती बाहेर आली. दुपार झाली होती. आत फोनला रेंज नसते. आज आत जाण्याआधी घरी तसं कळवायचं राहूनच गेलं होतं.

तिने घाईघाईने घरी फोन लावला. मुलीने उचलला.

"सोने, सकाळपासून माझा फोन लागत नव्हता ना? घाबरलीस का गं?"

"आई?" मुलगी अडखळली. "पण तू तर आत्ता माझी वेणी घालतेयस."

तिने फोन कानाशी घट्ट धरला. फोनमध्ये मुलीच्या मागून आवाज आला. तिचा स्वतःचाच आवाज, कामात कुणी मध्ये आलं की लागतो तोच वैतागलेला सूर.

"अगंबाई, ती अजून चालूच आहे? थांब, आधी तिला बंद करते."